टेस्लाची आज्ञाधारक नौका



गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेच्या दोन विद्यार्थ्यांनी तळहाताएवढा एक संगणक जुन्या टीव्हीला जोडला आणि तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे खेळ खेळता येतील असे यंत्र घरीच तयार केले. यंत्र उत्तम चालले. रुसले ते बिनतारी कंट्रोलर. एक मध्येच गप्प होई, तर दुसऱ्याची यंत्राला ओळखच पटेना. दोघे मित्र एकमेकांना दोष देऊ लागले आणि तो तंटा माझ्यापुढे आला. मी कला शाखेचा पदवीधर. विजेच्या विद्येत माझा अधिकार तो काय? तरीही आम्ही एकेक कारण क्रमाने तपासू लागलो. त्या संध्याकाळी मला राहून राहून एका थोर पुरुषाची आठवण होत होती. त्याचे नाव निकोला टेस्ला.

टेस्लाचा जन्म 10 जुलै 1856 रोजी स्मिलयान नावाच्या खेड्यात झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. आज ते क्रोएशियात आहे. वडील सर्बियन धर्मोपदेशक होते. आईला अक्षरओळख नव्हती, परंतु घरकामाची उपकरणे ती स्वतः कल्पकतेने बनवी आणि दीर्घ काव्ये तिला मुखोद्गत असत. आपली शोधक बुद्धी ही आईची देणगी आहे, असे टेस्ला पुढे कृतज्ञतेने मानीत असे. 1882 साली बुडापेस्टच्या एका उद्यानात मित्रासह फिरताना त्याला फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना सुचली आणि त्याने हातातल्या काठीने जमिनीवरच तिची आकृती काढली.

1884 साली तो अमेरिकेला गेला. काही महिने एडिसनच्या कारखान्यात नोकरी केली. ती सुटल्यावर काही काळ खंदक खणण्याची मजुरीही केली. त्या कष्टांत त्याची कल्पना विझली नाही. 1888 साली प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाहावर चालणाऱ्या मोटरीचे पेटंट त्याला मिळाले आणि जगाच्या वीजपुरवठ्याची दिशाच पालटली. मात्र दैवाची परीक्षा संपली नव्हती. 13 मार्च 1895 रोजी न्यूयॉर्कमधील त्याच्या प्रयोगशाळेला आग लागून अनेक वर्षांची टिपणे व यंत्रे जळून खाक झाली. टेस्लाने नवी जागा घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ केला.

त्या राखेतून अवघ्या तीन वर्षांत जे उभे राहिले, ते आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. 1898 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील विद्युत् प्रदर्शनात पाण्याने भरलेल्या एका हौदात टेस्लाने लोखंडी बांध्याची छोटी नौका सोडली. तिला ना दोरी होती, ना तार. दूर उभा राहून तो एका पेटीवरील दांडा हलवी आणि नौका वळे, थांबे, दिवे लुकलुकवी. कोणाला ही जादू वाटली, तर कोणाला आत शिकवलेले माकड दडवले असल्याची शंका आली. दूरनियंत्रणाचे हे पेटंट त्याला 8 नोव्हेंबर 1898 रोजी मिळाले.

या नौकेचे वर्म जाणून घेण्यासारखे आहे. तिच्यात धातूच्या बारीक भुकटीने भरलेली एक नळी होती. रेडिओलहर येताच भुकटीचे कण एकमेकांना चिकटत, त्यांतून वीज वाहू लागे आणि आज्ञा अमलात येई. परंतु लहर संपली तरी कण चिकटलेलेच राहत. मग पुढची आज्ञा नौकेला कळावी कशी? टेस्लाने अशी योजना केली की प्रत्येक आज्ञेनंतर नळी आपोआप उलटी व्हावी व कण मोकळे व्हावेत. जुन्या आज्ञेची पकड सुटली, तरच नवी आज्ञा ऐकू येते.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म होती. आकाश सर्वांचे, तेव्हा दुसऱ्या कोणी पाठवलेल्या लहरीने आपली नौका वळू नये, यासाठी काय करावे? दोन किंवा अधिक निरनिराळ्या लहरी एकत्र आल्या तरच यंत्राने हालचाल करावी, हा टेस्लाचा उपाय. कुलपाला दोन किल्ल्या लागाव्यात, तसा हा प्रकार. त्याची पेटंटे त्याला 1903 साली मिळाली.

आता आपल्या कंट्रोलरकडे वळू. आम्ही प्रथम नवे सेल घातले. गप्प होणारा कंट्रोलर बराच सुधारला. मग यंत्र पत्र्याच्या कपाटामागून व वाय-फायच्या राउटरजवळून दूर हलवले. धातू लहरींना अडवतो, आणि राउटर व असे कंट्रोलर बहुधा एकाच 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात बोलतात. ब्लूटूथचा कंट्रोलर गोंगाट टाळण्यासाठी सेकंदाला शेकडो वेळा लहरसंख्या बदलतो, तथापि गर्दी फार झाली की तोही अडखळतो. दुसरा कंट्रोलर मात्र अजून अनोळखीच होता. अखेर यंत्राच्या स्मरणातील सर्व जुन्या जोडण्या पुसल्या आणि एकेक कंट्रोलर नव्याने जोडला. दोन्ही तत्काळ आज्ञा पोहोचवू लागले! टेस्लाच्या नळीतली ती भुकटीच जणू पुन्हा मोकळी झाली होती.

उत्तरायुष्यात टेस्लाला यशाने साथ दिली नाही. जगभर बिनतारी संदेश व शक्ती पाठवण्यासाठी उभारू घेतलेला त्याचा मनोरा द्रव्याअभावी अपुरा राहिला. 7 जानेवारी 1943 रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, तो एकाकी स्थितीत निवर्तला. 1960 साली चुंबकीय क्षेत्राच्या मापाच्या एककाला त्याचे नाव देऊन जगाने ऋण अंशतः फेडले.

बालमित्रांनो, तुमच्या हातातले खेळणे बिघडले की ते आपटू नका, आणि सोबत्यावर रागावूही नका. एका वेळी एकच कारण तपासा. जे कारण नाही असे ठरेल, ते मनातून पुसा आणि पुढच्याकडे वळा. आगीनंतर तीन वर्षांनी ज्याची नौका पाण्यात उतरली, त्या माणसाचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी ठाऊक नाही.