ग्राहकाचे मन आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर

गिऱ्हाईकाच्या मनाचा अभ्यास हे आता व्यापाराचे एक शास्त्रच झाले आहे. विचुंबे-पनवेलकडची आपण मंडळीही आज सुपरमार्केटात खरेदीला जातो. तेथे दुधासारखी रोजची वस्तू बहुधा मागच्या टोकाला असते. तिथवर पोचेपर्यंत इतर मालावरून नजर फिरावी, हा हेतू. चॉकलेटे पैसे देण्याच्या रांगेशी, मुलांच्या हाताला लागतील अशी. किंमत शंभर नव्हे, नव्याण्णव! मनात शंका येण्याआधी वस्तू टोपलीत पडावी, अशी ही योजना असते. याउलट, गिऱ्हाईकाच्या शंकेसमोर दोन वर्षे धीराने उभा राहिलेला एक कारखानदार महाराष्ट्राने पाहिला आहे.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंग ओळखू येत नसल्यामुळे तो मार्ग सोडावा लागला. मग ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरीवर पाणी सोडले आणि बेळगावात बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचे दुकान चालविले.

पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार केला. नांगर उत्तम होता, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली! या समजाला आपण सहज अडाणीपणा म्हणू. परंतु ज्याचे वर्षाचे पोट एका पिकावर, त्याने नवे अवजार जमिनीत घालण्यापूर्वी शंभरदा विचार केला तर त्यात नवल ते काय? लक्ष्मणरावांनी कच खाल्ली नाही आणि नांगर बनविणे थांबविले नाही. अखेर जमिनीनेच शेतकऱ्याची खात्री पटविली.

एवढ्यात बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ व दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१० मध्ये निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना तेथे पहारेकरी नेमले गेले. माणसाच्या मनावर विश्वास टाकण्याची त्यांची रीत ही अशी होती.

१९२० मध्ये पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याचे हे पत्रक पुढे मराठीतले नामांकित मासिक झाले. माल खपविण्यासाठी निघालेले पत्रक वाचकाला विचार करायला लावू लागले, ही गोष्ट विरळाच! २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

गिऱ्हाईकाचे मन जाणण्याची विद्या एकच, पण तिचा उपयोग दोन प्रकारे होतो: विचाराला वेळ न देण्यासाठी किंवा विचारातून खात्री पटविण्यासाठी. पहिल्या प्रकाराला आवर घालणे दुकानदाराच्या हिताचे नाही. ते आपल्यालाच करावे लागेल. निरक्षर शेतकऱ्याने एका नांगरासाठी दोन वर्षे विचार केला. शिकलेल्या आपण टोपलीत वस्तू टाकताना निदान दोन क्षण थांबायला काय हरकत आहे?