थंडीत न गोठणाऱ्या रबराचा ध्यास

ऑक्टोबर उजाडला, की जर्मनीतल्या गॅरेजांसमोर मोटारींच्या रांगा लागतात. ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर वापरावेत, असा तिथला लोकरूढ नियम आहे. पोर्शे किंवा बीएमडब्ल्यूसारख्या वेगवान गाड्यांचे मालक तर या निवडीबाबत विशेष काटेकोर असतात. तापमान साधारण सात अंशांच्या खाली गेले, की उन्हाळी टायरचे रबर ताठर होते आणि रस्त्यावरची पकड सुटू लागते. थंडीत रबर मऊ कसे राहील, हा प्रश्न मोटारींहून जुना आहे. त्यापायी आयुष्य उधळून देणाऱ्या माणसाचे नाव चार्ल्स गुडइयर.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन येथे २९ डिसेंबर १८०० रोजी त्याचा जन्म झाला. वडिलांचा लोखंडी सामान व शेतीची अवजारे बनविण्याचा व्यवसाय होता. चार्ल्सने फिलाडेल्फियात याच मालाचे दुकान थाटले, पण १८३० च्या सुमारास ते बुडाले. तेव्हापासून सावकार आणि तुरुंग यांनी त्याची पाठ कधीच सोडली नाही.

१८३४ मध्ये न्यूयॉर्कमधील एका रबरी वस्तूंच्या दुकानात त्याने पाण्यात तरंगण्यासाठीचे एक साधन पाहिले आणि त्याची झडप सुधारून आणली. दुकानदाराने मात्र त्याला वेगळेच दुखणे सांगितले. झडप सुधारून काय उपयोग, रबरच टिकत नव्हते. अमेरिकेत तेव्हा रबराच्या बुटांची आणि कोटांची लाट आली होती. परंतु हा माल हिवाळ्यात दगडासारखा कडक होऊन तडकत असे आणि उन्हाळ्यात वितळून त्याला दुर्गंधी सुटत असे. गिऱ्हाइके तो परत आणून टाकीत होती.

रसायनशास्त्राचे शिक्षण नसलेल्या गुडइयरने हे दुखणे आपले मानले. कर्जापायी तुरुंगात पडला असता त्याने पत्नी क्लॅरिसाकडून कच्चे रबर आणि लाटणे मागवून तिथेच प्रयोग सुरू केले. रबरात त्याने मॅग्नेशिया मिसळला, चुना मिसळला, नायट्रिक आम्ल लावून पाहिले. प्रत्येक वेळी यश हाती आल्यासारखे वाटे आणि ऋतू बदलला, की निसटून जाई. सरकारसाठी बनविलेल्या टपालाच्या थैल्या तर उकाड्यात चिकट लगदा होऊन बसल्या. घरातले सामान गहाण पडले. त्याच्या बारा अपत्यांपैकी सहा बालपणीच दगावली. या ध्यासाची किंमत त्याच्यापेक्षा क्लॅरिसाने अधिक मोजली, असे म्हणणे भाग आहे.

नॅथॅनियल हेवर्ड नावाच्या कारागिराकडून रबरात गंधक मिसळण्याची कल्पना त्याला मिळाली. १८३९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न गावी गंधकमिश्रित रबराचा तुकडा चुकून तापलेल्या शेगडीला लागला. तो वितळला नाही. चामड्यासारखा करपला आणि करपलेल्या कडेलगत लवचीक राहिला. उष्णतेची परीक्षा तर झाली. गुडइयरने मग तो तुकडा कडाक्याच्या थंडीत रात्रभर दाराबाहेर खिळ्याने ठोकून ठेवला. सकाळी काढला, तेव्हाही तो मऊच होता. हिवाळी रबराची ही पहिली चाचणी म्हणावी लागेल.

या प्रक्रियेत गंधक रबराच्या लांबलचक रेणूंना एकमेकांशी बांधते. त्यामुळे उन्हाळ्यात ते ओघळत नाहीत आणि थंडीतही पूर्वीसारखे ताठरत नाहीत. आजच्या हिवाळी टायरमध्ये त्यावर सिलिकासारख्या द्रव्यांची आणि बर्फात पकड धरणाऱ्या बारीक चिरांची भर पडली आहे. हे टायर चारही चाकांना एकाच जातीचे घ्यावे लागतात. वेगवान गाडीलाही हिवाळ्यात अनेकदा थोडे अरुंद टायर बसवितात. रुबाब कमी होतो, पण पातळ बर्फातून ते अधिक चांगले मार्ग काढतात. जर्मनीत तर २०२४ च्या ऑक्टोबरपासून तीन शिखरे आणि हिमकण यांचे चिन्ह असलेले टायरच हिवाळी म्हणून ग्राह्य धरले जातात.

शोध लागला तरी आच किती आणि किती वेळ द्यायची, हे उमगण्यात पुढची काही वर्षे गेली. अमेरिकी पेटंट १५ जून १८४४ रोजी मिळाले. तोवर त्याच्या रबराचे नमुने इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकच्या हाती पडले होते. गंधकाचे रहस्य हुडकून हॅनकॉकने गुडइयरच्या काही आठवडे आधी तिथे अर्ज दाखल केला. रोमन अग्निदेवता व्हल्कनवरून या प्रक्रियेला व्हल्कनायझेशन हे नावही इंग्लंडमध्येच मिळाले.

अमेरिकेत १८५२ च्या गाजलेल्या खटल्यात डॅनियल वेबस्टर या नामांकित वकिलाने त्याची बाजू मांडली आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. पैसा मात्र टिकला नाही. कारखानदारांना त्याने स्वस्तात परवाने दिले. लंडन आणि पॅरिसच्या प्रदर्शनांत रबरी दालने उभारण्यासाठी हजारो डॉलर उधळले. १८५५ मध्ये फ्रान्सने त्याला आपला मानाचा किताब दिला, तेव्हा तो पॅरिसमध्ये कर्जापायी तुरुंगात होता.

१८६० मध्ये आजारी मुलीला भेटायला निघालेल्या गुडइयरला न्यूयॉर्कमध्ये तिच्या निधनाची बातमी समजली. तो तिथेच कोसळला आणि १ जुलै रोजी त्याचे निधन झाले. मागे सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज होते. मोटारगाडी त्याने पाहिलीच नाही. १८९८ मध्ये फ्रँक सायबरलिंगने ओहायोतील अ‍ॅक्रन येथे टायरची कंपनी काढली आणि तिला गुडइयरचे नाव दिले. त्याच्या कुटुंबाचा त्या कंपनीशी काहीही संबंध नव्हता.