राणी व्हिक्टोरिया आणि एका अक्षराचा आजार

व्हिक्टोरिया राणी म्हटले की आपल्याला मुंबईचे जुने व्ही.टी. स्टेशन आठवते. डॉक्टरांना मात्र तिचे नाव वेगळ्याच कारणाने पाठ असते. हिमोफिलिया शिकवताना तिची वंशावळ हमखास फळ्यावर काढली जाते. तुमच्या घरात कोणाला हा आजार असेल, किंवा जनुकीय तपासणीच्या अहवालात ‘स्प्लाइस साइटमधील बदल’ असे शब्द वाचून तुम्ही गोंधळला असाल, तर तिची गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे.

तिचा जन्म २४ मे १८१९ रोजी लंडनमध्ये झाला. वडील एडवर्ड तेव्हा ५१ वर्षांचे होते आणि ती वर्षाची होण्याआधीच ते वारले. १८३७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी ती राणी झाली. १८४० मध्ये तिने अल्बर्टशी लग्न केले. तो तिचा सख्खा मामेभाऊ. त्यांना चार मुलगे आणि पाच मुली झाल्या.

आठवे अपत्य लिओपोल्ड, जन्म १८५३. या बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांनी राणीला कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून क्लोरोफॉर्म दिला, त्याची तेव्हा फार चर्चा झाली. बाळाच्या आजाराचा सुगावा मात्र नंतर लागला. जरा धडपडला की अंगावर मोठे काळेनिळे डाग, सांध्यांना सूज, थांबता न थांबणारे रक्त. राणीने त्याला सतत नजरेखाली ठेवले. तो हुशार होता, ऑक्सफर्डला शिकला, १८८२ मध्ये लग्नही केले. पण मार्च १८८४ मध्ये फ्रान्समधील कान येथे तो पाय घसरून पडला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. वय अवघे तीस.

राणीचे म्हणणे कायम एकच राहिले, की हा आजार आमच्या घराण्यातला नाही. तुम्हाला हे वाक्य ओळखीचे वाटेल. आमच्या ओपीडीत ते रोज ऐकू येते. राणीचे म्हणणे मागच्या पिढ्यांपुरते बहुधा खरेही होते, कारण तिच्या आधी त्या घराण्यात या आजाराची खूण सापडत नाही. बदल तिच्या वडिलांच्या शुक्रपेशीत किंवा तिच्यातच नव्याने घडला असावा, असे मानले जाते. आजही हिमोफिलियाच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या घरात आधी कोणालाच तो नसतो. म्हणून ‘आमच्याकडे कोणाला नाही’ एवढ्यावर तपासणी टाळू नका.

नात्यातल्या लग्नामुळे हे झाले का? नाही. हा दोष ‘एक्स’ गुणसूत्रावर असतो. मुलाला एक्स आईकडून मिळते, वडिलांकडून मिळते ते वाय. लिओपोल्डच्या आजारात अल्बर्टचा काही वाटा नव्हता. राणीकडे दोन एक्स होते, त्यातले एक चांगले, म्हणून तिला स्वतःला त्रास झाला नाही. प्रत्येक बाळाला सदोष एक्स मिळण्याची शक्यता निम्मी होती. अॅलिस आणि बिअॅट्रिस या दोन मुलींना ते मिळाले आणि त्यांच्यामार्फत आजार जर्मनी, रशिया, स्पेनच्या राजघराण्यांत गेला. अॅलिसचा लहानगा फ्रेडरिक १८७३ मध्ये खिडकीतून पडून रक्तस्रावाने दगावला. अॅलिसचीच मुलगी अलेक्झांड्रा रशियाची सम्राज्ञी झाली.

व्हिक्टोरिया १९०१ मध्ये वारली. १९०४ मध्ये अलेक्झांड्राला मुलगा झाला, अलेक्सी. काही आठवड्यांतच त्याच्या बेंबीतून रक्त येऊ लागले. त्याच्या दुखण्यापायी हताश झालेल्या आईने रासपुतिनवर विश्वास टाकला, पुढचा इतिहास तुम्हाला माहीत असेल. १९१८ च्या जुलैत येकातेरिनबुर्ग येथे सगळ्या कुटुंबाला गोळ्या घातल्या गेल्या.

त्या अस्थींमुळेच राणीच्या आजाराचे कोडे सुटले. बहुतेकांचे अवशेष १९९१ मध्ये उकरले गेले, उरलेल्या दोन मुलांचे २००७ मध्ये सापडले. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यातील डीएनए वाचला. फॅक्टर ८ च्या जनुकात दोष नव्हता, तो फॅक्टर ९ च्या जनुकात होता. म्हणजे हा हिमोफिलिया ‘बी’. हजारो अक्षरांच्या त्या जनुकात बदललेले अक्षर फक्त एक होते. ‘ए’च्या जागी ‘जी’. गंमत अशी, की हे अक्षर प्रथिनाचा मजकूर लिहिलेल्या भागात नव्हतेच.

मग त्याने एवढे नुकसान कसे केले? जनुकाची आधी आरएनए नावाची नक्कल निघते. तिच्यात मधेमधे नको असलेले तुकडे असतात. ते कापून उरलेले भाग जोडावे लागतात. नको असलेल्या तुकड्याच्या शेवटी ‘ए-जी’ अशी दोन अक्षरे असतात. कापणाऱ्या यंत्रणेतले एक प्रथिन त्यांच्यावर चिकटते आणि तिथे काप पडतो. शिंपी खडूच्या खुणेवर कात्री चालवतो, तसेच. अलेक्सीच्या जनुकात त्या एका बदलाने खऱ्या खुणेच्या किंचित अलीकडे दुसरी ‘ए-जी’ तयार झाली. यंत्रणा तिलाच धरून बसली आणि दोन जादा अक्षरे मजकुरात शिरली.

पेशी आरएनए तीन-तीन अक्षरांनी वाचते. ‘कमळ बदक गवत मगर’ यात ‘कमळ’नंतर ‘रस’ घुसवून तसेच वाचून पाहा: कमळ रसब दकग वतम गर. पुढचे सगळे बिघडते. पेशीत अशा वाचनात लवकरच ‘थांबा’ असा संकेत लागतो, आणि रक्त गोठवण्याच्या कामाचे फॅक्टर ९ तयार होत नाही. फॅक्टर ८ आणि ९ एकमेकांना चिकटून एकत्र काम करतात, म्हणून दोन्हींपैकी कोणतेही कमी असले तरी त्रास सारखाच दिसतो. उपचारात मात्र जो कमी आहे तोच द्यावा लागतो. रुग्णाच्या कार्डावर ‘ए’ की ‘बी’ हे ठळक लिहून घ्या.

अलेक्सीच्या एका बहिणीच्या अस्थींतही हेच अक्षर सापडले. ती वाहक होती. तुमच्या घरातल्या बहिणी-मावशींनाही हे लागू असू शकते. वाहक स्त्रियांना पाळीत जास्त रक्त जाणे, दात काढल्यावर रक्त न थांबणे असा त्रास होऊ शकतो. फॅक्टरची पातळी ठीक आली तरी स्त्री वाहक असू शकते. नक्की उत्तर जनुकीय तपासणीतच मिळते, आणि रुग्णाचा नेमका बदल आधी माहीत असेल तर ती सोपी होते. म्हणून रुग्णाचा तो अहवाल जपून ठेवा. आजारी पुरुषाच्या सगळ्या मुली वाहक असतात, मुलगे मात्र त्याच्याकडून हा आजार घेत नाहीत. लिओपोल्डची मुलगी वाहक होती, मुलगा निरोगी होता.

आणि बाळाच्या आईला घरात कोणी बोल लावत असेल, तर हा लेख त्यांनाही वाचून दाखवा. असा बदल कोणाच्या खाण्यापिण्याने किंवा वागण्याने होत नाही. अलेक्सीच्या काळी रक्तस्राव थांबवण्यासाठी फॅक्टर ९ चे इंजेक्शन नव्हते, आज ते आहे. ते वेळेवर मिळावे म्हणून जवळच्या हिमोफिलिया केंद्रात नाव नोंदवा. अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन स्वतःहून देऊ नका, आणि दात काढण्याआधी किंवा स्नायूत इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना आजार सांगा.