समदृष्टी : गीता, अध्याय ५

पंडित असो वा चांडाळ, ज्ञानी दोघांना समान पाहतो, असं आजचा श्लोक सांगतो. वाचताना साने गुरुजी आठवले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीता समजावायचे, गुरुजी ते लिहून घ्यायचे. त्याचंच पुढे ‘गीता प्रवचने’ झालं.

तरीही पंढरपुरात विठ्ठलाचं दार दलितांना बंदच होतं. गुरुजी महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर फिरले, लोकांची मनं वळवली. शेवटी १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले. कुणाचा द्वेष केला नाही. पणाला लावला तो स्वतःचा जीव. १० मेला उपोषण सुटलं, मंदिर सर्वांना खुलं झालं.

मित्रांनो, आपण श्लोक वाचतो, स्टेटसला ठेवतो. पण आपल्या घराचं, सोसायटीचं कुठलं दार अजून बंद आहे?

रामकृष्णहरी!