चित्रकलेचा तास न सोडलेला शास्त्रज्ञ

होमी भाभा हे नाव आपल्या बॅचमधल्या बहुतेकांना पहिल्यांदा कळलं ते बालवैज्ञानिक परीक्षेमुळे. भारतीय अणुकार्यक्रमाचे जनक, तुर्भे, पद्मभूषण, एवढं पाठ करून आपण पुढे गेलो. खरं तर हा माणूस आपला शेजारी. मच्छीमार नगरहून कुलाब्याच्या टोकाकडे निघालं की नेव्ही नगरात, त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर, त्यांनी उभी केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था लागते.

जन्म ३० ऑक्टोबर १९०९, मुंबईतल्या सुखवस्तू पारशी घरात. घरी पुस्तकं, बेथोव्हेनच्या रेकॉर्ड, आणि मुलाच्या हातात ब्रश. १९२७ मध्ये त्याला केंब्रिजला पाठवलं ते मेकॅनिकल इंजिनीअर होण्यासाठी. परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचं, असा घरचा बेत. वर्षभरातच होमीनं वडिलांना कळवलं की आपला जीव भौतिकशास्त्रात आहे, दुसरं काही जमणार नाही. (असं पत्र आपल्यापैकी कुणी घरी लिहिलं असतं तर? मी लिहिलं नाही. मी इंजिनीअर झाले आणि त्यात सुखात आहे, ही गोष्ट वेगळी.) वडिलांनी अट घातली: आधी इंजिनीअरिंगमध्ये पहिला वर्ग, मग हवं ते. १९३० मध्ये पहिला वर्ग आला आणि मुलगा गणिताकडे वळला.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले की कसे विखुरतात याचं त्यांनी मांडलेलं गणित आजही ‘भाभा स्कॅटरिंग’ म्हणून शिकवलं जातं. त्याच वर्षांत ते मोझार्टच्या ऑपेरासाठी रंगमंचाचे देखावे रेखाटत होते. हा फावल्या वेळचा छंद नव्हता. पंचविशीच्या आसपास एका पत्रात त्यांनी आपलं तत्त्वज्ञानच सांगून टाकलं होतं: आयुष्याची लांबी आपल्या हातात नाही, म्हणून ते जास्त उत्कटतेनं जगायचं, आणि कला, संगीत, काव्य, विज्ञान सगळं त्यासाठीच.

१९३९ मध्ये सुट्टीवर आले आणि युद्धामुळे इथेच राहिले. बंगळुरूला सर सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत काम सुरू केलं. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा ट्रस्टला मूलभूत संशोधनाच्या संस्थेचा प्रस्ताव पाठवला. संस्था १९४५ मध्ये बंगळुरूत सुरू झाली आणि वर्षअखेरीस पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. मग गेटवेजवळचा जुना यॉट क्लब, आणि १९६२ मध्ये कुलाब्याची इमारत.

या इमारतीपाशी मला थांबावंसं वाटतं. आराखडा शिकागोच्या वास्तुरचनाकाराचा, पण बारीक लक्ष भाभांचं. झाडं तोडू नयेत, मुळांसकट उचलून दुसरीकडे लावावीत, हा त्यांचा हट्ट. आत टिफ्रॅक हा देशात बांधलेला संगणक होता. स्मृती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे जेमतेम १० किलोबाइट. आपल्या बॅचच्या ग्रुपवर रोज येणारा ‘सुप्रभात’चा फोटो त्यात मावला नसता. आणि त्याच इमारतीच्या भिंतींवर हुसेन, गायतोंडे, आरा, हेब्बर. यातले बरेचजण तेव्हा आजच्याइतके प्रसिद्ध नव्हते. भाभा स्वतः प्रदर्शनांना जाऊन संस्थेसाठी चित्रं निवडत. प्रवेशदालनातलं हुसेन यांचं भलंमोठं भित्तिचित्र स्पर्धेतून निवडलेलं.

देश धान्य आयात करत असताना सरकारी पैशांची चित्रं कशाला, हा प्रश्न मलाही पडतो, आणि तो फालतू नाही. तरी मला भाभांचं पटतं. ज्या भिंतीकडे बघून माणूस दिवसभर विचार करणार, ती भिंत त्यांच्या लेखी प्रयोगशाळेचाच भाग होती. आपल्याकडे परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जायचा. चित्रकलेच्या बाईंनी तेव्हा हे उदाहरण द्यायला हवं होतं!

अणुऊर्जा आयोग, १९५६ ची अप्सरा अणुभट्टी, जिनिव्हाच्या परिषदेचं अध्यक्षपद, हे सगळं पाठ्यपुस्तकात आहेच. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँवर कोसळलं, त्यात ते गेले. वय ५६. कुलाब्याच्या इमारतीचं उद्घाटन होऊन चारच वर्षं झाली होती.