दहा वर्षांच्या पोराने एक शिलिंग घेऊन रिव्ह्यू लिहिला आणि टॉल्कीन यांचं 'द हॉबिट' छापलं गेलं

कादंबरी आवडली नाही तर आज आपण दोन मिनिटांत स्टार देऊन मोकळे होतो. पण लेखकाच्या तोंडावर खरं सांगायचं म्हटलं की भलेभले गप्प बसतात. जे. आर. आर. टॉल्कीन यांच्या नशिबी मात्र खरं बोलणारेच वाचक आले.

जन्म १८९२ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनमधला. चार वर्षांचे असताना वडील गेले, बाराव्या वर्षी आई. पहिल्या महायुद्धात सोमच्या खंदकांत लढले, जिवाभावाचे मित्र तिथेच गमावले. पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. एकदा परीक्षेचे पेपर तपासताना एक कोरं पान सापडलं, त्यावर त्यांनी हॉबिटबद्दल एक ओळ खरडली. तिथून गोष्ट सुरू झाली.

१९३६ मध्ये हस्तलिखित प्रकाशक स्टॅन्ली अनविन यांच्याकडे गेलं. मुलांच्या पुस्तकाचा निकाल मुलांनीच लावावा असं त्यांचं मत. त्यांनी ते दहा वर्षांच्या रेनरला, म्हणजे स्वतःच्याच मुलाला दिलं. मोबदला एक शिलिंग. पोराने पुस्तक पास केलं, वर पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल असंही लिहिलं. स्वतः दहाचा ना! १९३७ मध्ये पुस्तक आलं आणि खपलं.

प्रकाशकाला पुढचा भाग हवा होता. त्याला लागली तब्बल बारा वर्षं. सी. एस. लुईस आणि मित्रमंडळी जमायची, तिथे टॉल्कीन नवी प्रकरणं वाचून दाखवायचे. ह्यूगो डायसन या मित्राला ते अजिबात सहन व्हायचं नाही. शेवटी तो आला की वाचन बंद. लुईस मात्र मागे लागून लिहून घ्यायचे. ते नसते तर पुस्तक पुरं झालंच नसतं, असं टॉल्कीन स्वतः मानायचे.

मग १९४९ मध्ये लुईस यांनी आपली 'नार्निया'ची गोष्ट वाचून दाखवली. टॉल्कीन यांना ती आवडली नाही आणि त्यांनी ते लपवलंही नाही. ज्याने आपलं पुस्तक तारलं त्यालाच असं सांगायचं म्हणजे जीभ जड व्हायला हवी होती. दोघांमधलं अंतर पुढे वाढतच गेलं, त्याला इतरही कारणं होती.

इकडे रेनर मोठा होऊन वडिलांच्याच प्रकाशनात आला होता. हजार पौंड बुडतील हे धरूनच त्याने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' छापायचं ठरवलं. १९५४-५५ मध्ये तीन भाग आले. कवी ऑडेन यांनी डोक्यावर घेतलं, समीक्षक एडमंड विल्सन यांनी पोरकट ठरवलं. धोका म्हणून करार निम्म्या नफ्याचा केला होता. पुस्तक असं चाललं की त्याच करारावर टॉल्कीन श्रीमंत झाले.

१९६१ च्या साहित्याच्या नोबेलसाठी त्यांचं नाव गेलं होतं. समितीने कथनाचा दर्जा पुरेसा नाही म्हणून ते बाजूला ठेवलं. ही कागदपत्रं पन्नास वर्षांनी खुली झाली. तोवर १९६३ मध्ये लुईस आणि १९७३ मध्ये टॉल्कीन, दोघेही गेले होते. नाव सुचवणारे होते लुईस.