एडवर्ड अँगल : दात न काढण्याचा आग्रह

मुलांचे वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या शास्त्राला, म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्सला, स्वतंत्र शाखेचे स्थान मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने डॉ. एडवर्ड हार्टली अँगल यांच्याकडे जाते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात १ जून १८५५ रोजी त्यांचा जन्म झाला. १८७८ मध्ये त्यांनी दंतवैद्यकाची पदवी घेतली. पुढे प्रकृती साथ देईना, म्हणून मोन्टानात मेंढपाळीचा व्यवसायही करून पाहिला. पण हिमवादळात कळप नष्ट झाला आणि ते पुन्हा दंतवैद्यकाकडे वळले.

१८९९ मध्ये त्यांनी वरच्या व खालच्या पहिल्या कायम दाढा एकमेकींवर कशा बसतात, यावरून दातांच्या व्यंगांचे तीन वर्ग पाडले. हे वर्गीकरण आजही वापरले जाते. १९०० मध्ये सेंट लुईस येथे त्यांनी या विषयाची स्वतंत्र शाळा सुरू केली.

जागा अपुरी असली तरी निरोगी दात काढू नयेत, कमान रुंद करून सर्व दातांना सामावून घ्यावे, हा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी दाढांवरच्या धातूच्या पट्ट्यांना जोडलेली जाड तार ते दातांच्या बाहेरून फिरवीत आणि एकेक दात तिला बांधून बाहेरच्या दिशेने सरकवीत. दातांचे कार्य सुधारले की त्यांच्याभोवतीचे हाडही वाढेल, असा त्यांचा विश्वास होता. डॉ. कॅल्व्हिन केस यांना हे मान्य नव्हते. काही रुग्णांत दात काढणेच हिताचे असते, असे त्यांचे म्हणणे होते. १९११ मध्ये या प्रश्नावर गाजलेला वाद झाला.

खरे तर जबड्याचे हाडच रुंद करण्याचा मार्ग अँगल पाच वर्षांचे असतानाच सुचवला गेला होता. १८६० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. इमर्सन एंजेल यांनी चौदा वर्षांच्या एका मुलीच्या वरच्या जबड्यात स्क्रू बसवून तो दोन आठवड्यांत रुंद केल्याचे प्रसिद्ध केले. पुढच्या दोन दातांत पडलेली फट हाच त्यांचा पुरावा होता. क्ष-किरणांचा शोधही लागलेला नव्हता, त्यामुळे अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही.

अँगल ११ ऑगस्ट १९३० रोजी निवर्तले. त्यांच्या आग्रहाला पहिला मोठा धक्का दिला तो त्यांचेच निष्ठावान शिष्य डॉ. चार्ल्स ट्वीड यांनी. कमान रुंद केलेल्या अनेक रुग्णांचे दात पुन्हा बिघडल्याचे पाहून ट्वीड यांनी गुरूचा मार्ग सोडला आणि गरजेनुसार दात काढण्यास सुरुवात केली. तारेने दात सरकतात. पण त्याने टाळूचे हाड रुंद होतेच असे नाही, ही मेख होती.

वरचा जबडा दोन अर्धांचा असून टाळूच्या मध्यावर त्यांचा सांधा असतो. वाढत्या वयात तो पक्का झालेला नसतो. टाळूला बसवलेल्या उपकरणाचा स्क्रू रोज थोडा फिरवला की दोन्ही अर्ध हळूहळू दूर होतात आणि मधल्या फटीत नवे हाड तयार होते. ते पक्के होईपर्यंत उपकरण काही महिने तोंडातच ठेवावे लागते. वय वाढले की सांधा घट्ट होतो, म्हणूनच हे उपचार लहानपणी अधिक यशस्वी ठरतात.

डॉ. अँड्र्यू हास यांनी १९६१ मध्ये या पद्धतीला नवे बळ दिले. त्यांचा तो लेख ज्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्याचे नाव होते ‘अँगल ऑर्थोडॉन्टिस्ट’. आजही काही मुलांचे दात काढावे लागतात आणि काहींचा जबडा रुंद करता येतो. मात्र निरोगी दात काढण्यापूर्वी जागा करता येईल का, हा विचार रुजवण्यात अँगल यांच्या आग्रहाचा वाटा मोठा आहे.